शेवटी कळतं ते मालकाला

गाडीचा क्लच संपत आलाय, हे सगळ्यांत उशिरा कळतं ते रोज ती गाडी चालवणाऱ्याला. क्लचप्लेटचं लायनिंग इतकं सावकाश झिजतं, की डावा पाय निमूट जुळवून घेत राहतो. बऱ्याच गाड्यांत क्लच हळूहळू वर ‘लागू’ लागतो, तसा गुडघाही वर उचलला जातो. मग दिवाळीत मेहुणा गाडी घेऊन फराळाचं सामान आणायला जातो आणि परत येऊन म्हणतो, “दाजी, संपलाय तुमचा क्लच!” दाजींना हे फार लागतं. कुणी त्यांचं वय काढलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

क्लच पूर्ण दाबला तर प्लेट घासत नाही, पूर्ण सोडला तरी नाही. झिजते ती अधेमधे, हाफ क्लचवर. पण चढावरच्या सिग्नलला हँडब्रेक ओढणं आपल्याकडे नवशिक्याचं लक्षण. त्यापेक्षा क्लचवर गाडी तोलून धरत मागच्या रिक्षावाल्याला कौशल्य दाखवायचं. म्हणूनच एकाची प्लेट 40,000 किलोमीटरवर हात टेकते, तर दुसऱ्याची तसल्याच गाडीत लाखाच्या पुढे जाते.

खात्री करायची तर खंबाटकीच्या चढाला वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबावा. इंजिनाचा आवाज चढतो, वेग तिथंच, आणि करपल्याचा वास. (हा वास पुढच्या ट्रकचाच आहे, असं आपण घाट संपेपर्यंत म्हणत राहतो.) घाट नको असेल तर सपाटीवर, पुढं मोकळी जागा बघून हँडब्रेक ओढावा, तिसरा गिअर टाकावा आणि थोडा अॅक्सिलरेटर देत क्लच सोडावा. धडधाकट क्लच इंजिन लगेच बंद पाडतो. इंजिन घुमतच राहिलं तर मेहुणा बरोबर होता.

गॅरेजमध्ये प्लेटबरोबर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदला म्हणतात, तेव्हा लुटतायत असं वाटतं. पण खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची असते. बेअरिंगचे पैसे वाचवले आणि ते सहा महिन्यांनी घरघरू लागलं, तर तीच मजुरी पुन्हा. इथं घासाघीस करू नये. प्लेट तेवढं करून चुकलीय.

नवा क्लच पडला की गाडी गॅरेजच्या दारातच आचका देऊन बंद पडते. क्लच लागतो खाली, पाय शोधतो वर. मेकॅनिक आतूनच ओरडतो, “गाडी ओके आहे साहेब, पाय ठेवून जा!”