मेलेल्या कलमाची नोकरी

निवृत्त माणसाला दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. दाखला चुकला की पेन्शन अडकते. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम 66अ ला मात्र हयातीचा दाखला कुणी मागितला नाही. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवून निकालात काढले. त्यानंतरही ते पोलीस ठाण्यांत इमानेइतबारे ड्यूटीवर येत राहिले. ना रजा, ना महागाई भत्त्याची मागणी.

मूळ कायदा 2000 सालचा. 66अ त्यात घुसले 2008 च्या दुरुस्तीने, संसदेत फारसा ऊहापोह न होता. इंटरनेटवरून किंवा मोबाइलवरून घोर आक्षेपार्ह मजकूर पाठवला, किंवा एखाद्याला त्रास, गैरसोय व्हावी म्हणून संदेश धाडला, तर तीन वर्षांपर्यंत कैद. आता आक्षेपार्ह म्हणजे काय, हे कायद्याने सांगितलेच नव्हते. ते ठरवायचे ठाणे अंमलदाराने, तेही त्या दिवशी त्याच्यासमोर किती जमाव उभा आहे हे पाहून. एवढ्या ऐसपैस व्याख्येत पहाटे पाचला गुलाबाच्या फुलासह सुविचार पाठवणारे आपल्या सोसायटीतले निम्मे काका आत गेले असते. ते गेले नाहीत. गेल्या त्या पालघरच्या दोन मुली.

नोव्हेंबर 2012. शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर मुंबई बंद होती आणि हा बंद कशासाठी, असे एकीने फेसबुकवर विचारले. दुसरीने ते लाइक केले. आपल्याकडे सहीऐवजी अंगठा देणाऱ्याला अडाणी म्हणत. इथे अंगठा दाखवणारी थेट आरोपी झाली. पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली ती वेगळीच. (मोडतोड ऑफलाइन होती, सबब 66अ च्या कक्षेबाहेर.) पुढे बोभाटा झाला, पोलीस अधिकारी निलंबित झाले, गुन्हा गुंडाळला गेला आणि दिल्लीतल्या कायद्याच्या एका विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालय गाठले. न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी कलम मुळासकट उपटले. निकाल नरिमन यांनी लिहिला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण निकाल लागणे वेगळे आणि तो पोलीस ठाण्यापर्यंत पोचणे वेगळे. 2019 मध्ये न्यायालयाने निकालाच्या प्रती उच्च न्यायालये आणि मुख्य सचिवांकडे पाठवायला सांगितल्या. 2021 मध्ये याचिकाकर्त्यांनी आकडा समोर ठेवला: 11 राज्यांतल्या न्यायालयांत याच कलमाखाली 745 खटले पडून आहेत. सुनावणीला पुन्हा न्या. नरिमनच! सहा वर्षांपूर्वी स्वतः मृत्युलेख लिहिलेल्या कलमाची कामगिरी ऐकून ते थक्क झाले.

असे का होते, याचा खुलासा तेव्हाचे ॲटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी केला. तो विनोदी लेखकांच्या पोटावर पाय आणणारा आहे. कायद्याच्या पुस्तकात कलम ठळक छापलेले असते. ते रद्द झाल्याची नोंद खाली, तळटिपेत. पोलीस कलम वाचून गुन्हा नोंदवतात, तळटीप वाचत नाहीत! म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एका चांदणीच्या आधाराने लटकला होता, आणि चांदणीकडे बघायला फौजदारसाहेबांना सवड नव्हती.

मग गृह मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहिले. ऑक्टोबर 2022 मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावले, या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही. शिवाय सरकारी असो की खाजगी, ज्या प्रकाशनात 66अ उद्धृत होईल तिथे ते घटनाबाह्य ठरल्याचे वाचकाला नीट कळले पाहिजे. देशाचे घटनापालन टाइपाच्या आकारावर येऊन ठेपले, ते असे.

पालघरसारखी पोस्ट आज कुणी टाकली, तर 66अ लागणार नाही. त्याची जागा भरून काढायला भारतीय न्याय संहितेतली कलमे 1 जुलै 2024 पासून धडधाकट हजर आहेत. तरीही कधी ठाण्यात तुमच्यापुढे कुणी 66अ चे पान उघडलेच, तर वाद घालू नका. साहेबांना पानाच्या तळाशी काय छापले आहे ते मोठ्याने वाचायला सांगा, आणि त्याची नोंद स्टेशन डायरीत करून घ्या.