कासचे भाऊबंद

साताऱ्याहून सुमारे २५ किलोमीटर वर चढून गेलं, की भाद्रपदात कासचं पठार भेटतं. पठार वनखात्याचं, पलीकडचं तळं सातारा नगरपालिकेचं, आणि फुलांच्या हंगामात राबणारे हात कास, एकीव, आटाळी, कुसुंबी अशा गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांचे. इतके धनी असलेल्या घरात आल्यागेल्याची विचारपूस कोण करणार, अशी शंका येते तोच समितीचा एखादा पोरगा उकिडवा बसतो आणि सीतेची आसवं दाखवतो. नखाएवढी, निळीजांभळी. आपण गहिवरून वनवासात शिरणार, इतक्यात तो सांगतो, "किडं खाती ही. खाली बारीक पिशव्या आसत्यात." जांभ्या खडकावर बोटभर माती, तिचाही कस पावसानं धुऊन नेलेला, दुःख कितीही पुराणातलं असलं तरी पोट चुकत नाही.

या नाजूक संसाराला मध्यंतरी कुंपण घातलं होतं. हेतू चांगलाच होता. पण गुरांचं चरणं थांबलं, गवत माजलं आणि फुलंच गुदमरू लागली, म्हणून ते काढावं लागलं. ज्यांना रानाबाहेर ठेवायचं, त्या म्हशीच इतकी वर्षं खुरपणी करत होत्या. त्यांचं नाव मात्र कुठल्याच फलकावर नाही.

माणसाचं उलटं. तो काही न करता हक्क सांगतो. पावतीच्या टेबलाशी, ताडपत्रीचं पाणी मानेवर झेलत, सातारकर म्हणतो, "आम्ही इथलेच की." कासच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला स्वतःच्याच तळ्याशेजारी तिकीट काढणं जिवावर येतं, हे मी समजू शकतो. पण मागून एक सांगलीकर काका पुढे सरकले. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, तेव्हा कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी एकाच पंगतीला बसली. चांदोली आमच्या शिराळ्याकडची, तेव्हा कास म्हणजे आमची चुलत बहीणच, असं त्यांनी सविस्तर मांडलं. मागची रांग छत्र्या सावरत ऐकत होती. टेबलावरच्या ताईंनी सगळी वंशावळ मान डोलवत ऐकून घेतली, ओलं पावतीपुस्तक पदरानं पुसलं आणि मायेनं विचारलं,

"बरं काका, माणसं किती?"