पाचवा नंबर पुसणाऱ्या दुरुस्तीवाल्यास खुले पत्र



'झालं मॅडम, दोन्ही सिस्टिम चालू,' असं सांगून तुम्ही माझ्या बहिणीला लॅपटॉप परत दिलात. विंडोज सुरू होत होतं, लिनक्सही होत होतं. नव्हता तो डी ड्राइव्ह. प्रबंधासाठी तिने घेतलेल्या मुलाखती त्यात होत्या, आणि बोलणाऱ्यांपैकी काही माणसं आता हयात नाहीत.

जाब विचारला तेव्हा तुम्ही छातीठोकपणे म्हणालात, 'डीला मी हातच लावला नाही, पाचवं पार्टिशन फॉरमॅट केलं.' तिथेच तर घात झाला! डी आकसवून तुम्ही लिनक्ससाठी ई बनवलात. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डावीकडून मोजलंत: रिकव्हरी, ईएफआय, सी, डी, ई. ई पाचवा. पण ईएफआय आणि सी यांच्यामध्ये मायक्रोसॉफ्टचा १६ एमबीचा एक राखीव भाग असतो. डिस्क मॅनेजमेंट तो दाखवत नाही. लिनक्स त्यालाही नंबर देतं. म्हणून लिनक्सचा पाचवा म्हणजे डी. डी, ई ही अक्षरं विंडोजपुरती असतात, लिनक्सच्या यादीत ती सापडत नाहीत. दारावर 'ड्युअल बूट करून मिळेल' अशी पाटी लावणाऱ्याला हे ठाऊक नसावं?

मुळात ई बनवायचं कारणच काय होतं? डी आकसवून जागा तशीच मोकळी सोडली असती, तर इन्स्टॉलरने ती 'रिकामी जागा' म्हणून वेगळी दाखवली असती. नंबर मोजत बसायची वेळच आली नसती. बरं, ई बनवलात, तर त्याला लेबल देऊन लाइव्ह यूएसबीवर 'एलएसबीएलके -एफ' ही एक कमांड द्यायची होती. प्रत्येक भागाची फाइल सिस्टिम आणि लेबल समोर आलं असतं. दोन्ही भाग १५० जीबीचे, म्हणून गफलत झाली म्हणता; ते सारखे तुम्हीच कापलेत, आणि लेबल एकालाही दिलं नाहीत.

उलट तुम्हीच विचारलंत, 'बॅकअप का नव्हता?' हा प्रश्न लॅपटॉप हातात घेताना विचारायचा असतो. तुमच्या काउंटरच्या काचेत एक्स्टर्नल हार्ड डिस्क विकायला मांडलेल्या आहेत. पार्टिशनचं काम घेताना त्यातली एकही तुम्हाला आठवली नाही.

आता 'सॉफ्टवेअर लावून डेटा परत काढतो' असा निरोप पाठवला आहे. हात लावू नका. एसएसडीवर ईएक्सटी४ फॉरमॅट करताना तो सगळा भाग मोकळा झाल्याचं डिस्कला कळवलं जातं, आणि मग तिथून बहुतेक वेळा काहीच मिळत नाही. जे थोडं उरलं असेल, ते तुमच्या पुढच्या प्रयोगात जाईल.

दुकानाची पाटी उतरवा. ती ठेवायचीच असेल, तर गिऱ्हाइकाच्या फाइली आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या, त्या त्याला उघडून दाखवा, आणि मगच पार्टिशनला हात घाला. बहिणीकडून घेतलेले इन्स्टॉलेशनचे पैसे या आठवड्यात परत करा.