ताडपत्रीखाली

दिवाळीच्या सुट्टीत समुद्रावर जायचं, असं लेकीनं परस्पर ठरवलं आणि मोबाइलवर एक जागा काढून आजोबांपुढे धरली. "आजोबा, ह्याला ग्लॅम्पिंग म्हणतात." अण्णा दचकले. "लंपी? लस टोचली का मग समद्यांना?" दोन वर्षांपूर्वी लंपीनं आमचा एक गोऱ्हा नेला होता, त्यामुळे त्या आवाजाशी त्यांची थट्टा नव्हती. लेकीनं धीरानं समजावलं : शेतात तंबू, तंबूत पलंग, पलंगावर गादी, उशाशी दिवा आणि बाहेर नारळाची झाडं. हा शब्द २०१६ साली ऑक्सफर्डच्या कोशातही गेला, अशी मी मास्तरकीची भर घातली. अण्णांनी दोघांचंही ऐकून घेतलं, पानाला चुना लावला आणि विचारलं, "म्हणजे आपलं शेत सोडून दुसऱ्याच्या शेतात निजायचं. बरं. पण राखण कशाची करायची?"

आमच्या केदारखेड्यात शेतात झोपणं म्हणजे सुट्टी नव्हे, पाळी. ज्वारी हुरड्यात आली की मचाणावर, सुगीत खळ्यावर आणि गव्हाला पाणी द्यायचं तर लाईट रात्रीची म्हणून मोटारीशेजारी. लहानपणी मी हट्टानं अण्णांबरोबर खळ्यावर जायचो. खाली कडब्याच्या पेंढ्या, अंगावर मायच्या जुन्या लुगड्यांची वाकळ आणि वर एवढं आभाळ की झोपताना ते अंगावर सांडेल असं वाटावं. मध्यरात्री अण्णा खाकरायचे. ते खाकरणं चोरासाठी असे, रानडुकरासाठी असे आणि मला आता वाटतं, त्यातलं चिमूटभर माझ्यासाठीही असे. पुढे मी बऱ्याच लॉजवर राहिलो, जाड जाड ब्लँकेटं पांघरली. पण त्या खाकरण्याची ऊब कशाला नव्हती.

तर आम्ही गेलो. अलिबागजवळ नागावला, एका सुपारीच्या वाडीत. अण्णांनी तंबूत पाऊल टाकण्याआधी त्याचं कापड चिमटीत धरून, लुगडं पारखावं तसं चोळून पाहिलं आणि तिथल्या पोराला विचारलं, "ताडपत्री किती जीएसएमची?" पोरगा गोंधळला. "काका, प्रीमियम आहे," एवढंच म्हणाला. अण्णांच्या मनात घरची ताडपत्री होती. सोयाबीन कापून गंजी घातलेली, मळणीयंत्राचा आमचा नंबर आठ दिवसांनी, तोवर ती गंजी पिवळ्या ताडपत्रीखाली. "तिकडं सोयाबीन ताडपत्रीखाली, इकडं आपण," ते पलंगावर जपून बसत म्हणाले, "फरक एवढाच, सोयाबीनला पंखा नाही." मी इतिहासाचा आधार घेतला. औरंगजेब १६८२ मध्ये दख्खनेत उतरला तो १७०७ मध्ये मरेपर्यंत बहुतेक तंबूतच राहिला, आणि त्याचे तंबूही दुहेरी : एका मुक्कामात बादशहा, तोवर दुसरा संच पुढच्या मुक्कामी उभा. "मग? लागली का झोप त्याला?" अण्णांनी विचारलं. याचं उत्तर मराठ्यांनी कधीच दिलेलं असल्यामुळे मी गप्प बसलो.

समुद्र पाहायला सगळे धावले. अण्णा विहिरीकडे गेले. वाडीच्या मध्यभागी ती विहीर, काठावर शेवाळ, आत हाताला येईल असं वाटावं इतकं वर पाणी. त्यांनी पोहऱ्यानं काढून चूळ भरली, मग घोटभर प्यायले, मग माझ्याकडे असं पाहिलं की जणू कुणीतरी त्यांची मोठी फसवणूक केली होती. पाणी गोड होतं. आमच्याकडे बोअर चारशे फूट गेला आणि पांढरी धूळ घेऊन वर आला. इथे समुद्र हाकेच्या अंतरावर आणि विहिरीत नारळपाणी. "देवानं वाटणी करताना फाळणीबारा नीट केला नाही," ते म्हणाले. भावकीच्या वादात आयुष्य गेलेल्या माणसानं देवालाही तलाठ्यापुढे उभं करावं, याचं मला हसू आलं आणि नंतर बराच वेळ आलं नाही.

संध्याकाळी माय लुगडं घोट्याच्या वर धरून लाटेत उभी राहिली. एका हातात नात, दुसऱ्या हातात चपला. तिला पाहून मला आमच्या तालुक्याच्या गावची, भोकरदनची, एक बाई आठवली. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या दानलेखांत त्याचं नाव आहे. इटलीत पॉम्पेईच्या राखेतून १९३८ मध्ये वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्री निघाली, आणि तिच्या वळणाची मूर्ती पुढे भोकरदनच्या उत्खननात मिळाली. ती आमच्याच मुलखात कोरली गेली असावी, असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटायच्या आधीच आमच्याकडची एक बाई घाट उतरून, समुद्र ओलांडून मोकळी झाली होती. मायला यायला त्यानंतर दोन हजार वर्षं लागली. पण मधे सुगी होती, लेकरं होती, म्हशी होत्या.

रात्री दोनच्या सुमारास अण्णा ओरडले, "उठ रे! आला! गंजी झाक!" मी धडपडत उठलो. तंबूच्या कापडाबाहेर खरोखरच पाऊस होता. एक सर यायची, उसंत घ्यायची, पुन्हा दुसरी सर. अण्णा बॅटरी घेऊन अनवाणी बाहेर पळाले, मी मागे. बाहेर टिपूर चांदणं. सुपारीची झाडं मान वर करून उभी, अंगण कोरडं ठाक. अण्णांनी तळहात उताणा करून पुढे धरला, जरा वेळ तसाच ठेवला, मग बॅटरी बंद केली. आवाज येतच होता, वाडीच्या पलीकडून. "रातभर पडतोय," ते हलकेच म्हणाले, "अन् थेंब नाही." मग खाली बसले. मीही बसलो. झाकायला काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत झाकायला काहीच नाही अशी रात्र त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती, आणि तिचं काय करायचं हे न कळून ते एकदा सवयीनं खाकरले.

घरी परतून तिसऱ्या रात्री अवकाळी आला. पत्र्यावर ताडताड सुरू झालं तसा मी उठून अण्णांच्या खोलीत डोकावलो. ते बाजेवर कुशीवर वळलेले. "अण्णा, पाऊस!" ते डोळे न उघडता म्हणाले, "निज रे. समुंदर हाय त्यो."

मी बॅटरी घेतली, दार हळूच ओढलं आणि गंजीकडे धावलो. ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडत होतं. त्यावर दगड ठेवला आणि ओलं होत, उगाचच, मोठ्यानं खाकरलो.