आधी पुसा, मग विका

धंदा कसा करावा हे बीबीसीकडून शिकावं. १९६३ ते १९६९ या काळात 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेचे २५३ कृष्णधवल भाग काढायचे. व्हिडिओ टेप महाग, म्हणून ती पुसून तिच्यावर दुसरं काहीतरी भरायचं. परदेशी वाहिन्यांना विकायला काढलेल्या फिल्मच्या प्रतीही गिऱ्हाईक संपलं की फेकून द्यायच्या. रंगीत टीव्ही आल्यावर हे काळंपांढरं कोण बघणार! आणि पुढे घरोघरी प्लेअर आले की तीच मालिका आधी व्हीएचएसवर, मग डीव्हीडीवर, मग 'विशेष आवृत्ती'त, मग ब्लू-रेवर, अशी एकाच गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा विकायची.

यातली खरी गंमत हरवलेल्या भागांची. ते शंभराच्या घरात आहेत, पण आवाज मात्र एकूणएक भागांचा शाबूत. कारण त्या काळी काही पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर मांडून घरच्यांना गप्प बसवायची. त्या आवाजावर आता कार्टून चढवतात आणि डिस्क बाजारात आणतात. पुसलं यांनी, राखलं त्या पोरांनी, आणि आता म्हातारपणी त्याच पोरांच्या नावाने पावती फाडताहेत हे.

तरीही आम्ही घेतो. न घेऊन करणार काय! डालेक या मालिकेतल्या खलनायकांच्या पहिल्या कथेतला पहिला भाग लावा. डॉक्टरची सहप्रवासी बार्बरा एका धातूच्या भिंतीला पाठ लावून उभी. समोरून काहीतरी सरकत येतंय. आपल्याला दिसतो फक्त एक दांडा आणि त्याच्या टोकाला मोरी तुंबली की वापरतात तो रबरी पंप. बाई किंचाळते, भाग संपतो. २१ डिसेंबर १९६३ला बघणाऱ्यांना पुढचं दिसायला आठवडा लागला. तुमच्या हातात रिमोट आहे. तो दुसऱ्या खोलीत ठेवून या. एका रात्री एकच भाग, दिवे मालवून. कथेचे सातही भाग एका बैठकीत संपवणाऱ्याला यातलं काही कळणार नाही, त्याला फक्त झोप येईल.

टेप कापून जोडणं खर्चाचं, म्हणून चित्रण जवळपास सलग चालायचं. चूक झाली तर झाली. डॉक्टर झालेला विल्यम हार्टनेल वाक्य विसरतो, भलताच शब्द घेतो, आणि म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा म्हणून खपवून पुढे जातो. १९६५च्या 'द वेब प्लॅनेट'मध्ये झार्बी नावाची माणसाएवढी मुंगी धावत येते आणि सरळ कॅमेऱ्यावर आदळते. धप्प आवाज, चित्र हलतं, कथा चालू. दोनशे कोटींच्या आजच्या चित्रपटांतल्या यानांमध्ये असा एक धप्प दाखवा!

डिस्कवर या धप्पची बडदास्तही चोख ठेवली आहे. मूळ चित्रण सेकंदाला पन्नास हालचाली टिपायचं, उरलेल्या फिल्मवर त्या निम्म्या झाल्या. संगणकाने मधल्या हालचाली पुन्हा भरल्या, आणि स्टुडिओत आत्ताच घडतंय असा तो जिवंतपणा परत आला. हे काम करणाऱ्यांत मालिकेचे चाहतेच पुढे होते, हे वेगळं सांगायला नको.

मालकांचं, म्हणजे बीबीसीचं, स्वतःचं डोकं चाललं की काय होतं? २०२३मध्ये त्यांनी डालेकांची ती सात भागांची कथा रंगवली आणि सव्वा तासात आटवली. त्याच महिन्यात मालिकेचे आठशेहून जास्त भाग ऑनलाइन ठेवले, पण सगळ्यात पहिली कथाच नव्हती. हक्कांचं भांडण. ज्याच्या कपाटात डिस्क होती त्याने मजेत लावून बघितली.

त्या पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, लखनौत जन्मलेला. १९६४ची 'मार्को पोलो'ही त्याचीच. सातपैकी सहा भाग त्याने केले. भव्य वेशभूषा, भव्य चीन. चित्र आज एकाही भागाचं नाही. आवाज ऐका, थोडी छायाचित्रं बघा, बाकी चीन ज्याचा त्याने उभा करावा.

कधीकधी मात्र नशीब उघडतं. २०१३मध्ये नायजेरियात सापडलेल्या नऊ भागांची बातमी आली. त्यातून 'द वेब ऑफ फिअर' ही कथा जवळजवळ पूर्ण झाली आणि डिस्कवर आली, फक्त तिसरा भाग तेवढा गायब. मग २०२१मध्ये तोच संच पुन्हा बाजारात आला, तिसऱ्या भागाच्या जागी संगणकाच्या बाहुल्या घालून. बाहुल्या लाकडी चालतात, ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. आमच्याकडे दोन्ही संच आहेत. खरा तिसरा भाग मिळाला की तिसराही घेऊ, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.