नेमकं घाबरायचं कशाला?

भुतामुळे माणूस घाबरतो, हा समज भयपट काढणाऱ्यांनीच पसरवला आहे. माणूस घाबरतो आवाजाला. शंका असेल तर रिमोट घ्या आणि आवाज पूर्ण बंद करा. कपाटामागून झेप घेणारी हडळ लगेच लग्नाच्या हॉलमध्ये चप्पल शोधणाऱ्या पाहुणीसारखी दिसायला लागते. ही झाली दचकण्याची भीती. ती पोटातून येते आणि 'हॅ, काहीतरीच!' म्हणेपर्यंत निघूनही जाते.

दुसरी किळसेची. तिचे घाऊक व्यापारी म्हणजे सात रामसे बंधू. 'पुराना मंदिर'मध्ये (1984) मुंडकं एका पेटीत नि धड दुसरीकडे पुरलेला सामरी बघताना आमची मावशी चिवड्यातले शेंगदाणे शांतपणे वेचत होती. तीच मावशी भिंतीवर पाल दिसली की सोफ्यावर चढते. भाच्याची गोष्ट आणखी वेगळी. हिचकॉकच्या 'सायको'त (1960) न्हाणीघरात वाहणारं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप होतं, हे कळल्यापासून तो प्रसंग आला की त्याला भूक लागते.

हिचकॉकचा खरा भरवसा तिसऱ्या भीतीवर होता. तो सांगायचा, टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो अचानक फुटला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद हादरतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच सांगा आणि पात्रांना निवांत गप्पा मारू द्या, की तो पंधरा मिनिटं खुर्चीचा हात आवळून बसतो. आमच्याकडे मात्र ही पंधरा मिनिटं शांततेत जातच नाहीत. 'अगं, मागे बघ!', 'एवढा मोठा वाडा आणि बल्ब केवढुसा!', 'रात्री तळघरात कशाला मरायला गेली?' इतके सल्ले कानावर आल्यावर भुताचाच धीर खचत असणार.

म्हणून भीती पुस्तकातली खरी. तिथे सल्ले द्यायला कुणी नसतं. तरी नारायण धारपांनी वाचकाची थोडी सोय ठेवली होती. अंगावर काटा आलाच, तर निस्तरायला त्यांचे 'समर्थ' येण्याची आशा असायची. रत्नाकर मतकरींकडे तीही सोय नाही. त्यांनी पोरांना 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण देऊन हसवलं आणि त्याच पोरांच्या आईबापांची झोप गूढकथा लिहून उडवली. घरातलं एकही माणूस सोडलं नाही. ती चेटकीण रंगमंचावर उभी केली दिलीप प्रभावळकरांनी. 'झपाटलेला'तला (1993) तात्या विंचूही तेच. पुढे 'लगे रहो मुन्नाभाई'त ते गांधीजी झाले आणि आम्ही हात जोडले. भीतीच्या बाबतीत आपण फार क्षमाशील आहोत.

उरली शेवटची भीती. तिला आवाज लागत नाही, रक्तही लागत नाही. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मध्ये (2018) ती आहे. हस्तर सोन्याच्या मुद्रांचा धनी, पण अन्नाला महाग. त्याच्यापुढे कणकेची बाहुली टाकायची आणि तो तिच्यावर तुटून पडला की मुद्रा लांबवायच्या. बाप हा धंदा मुलाला शिकवतो, आणि शहारा येतो तो त्या शिकवणीचा.

आम्ही सगळे मिळून तो सिनेमा बघत होतो. मध्येच काका म्हणाले, "एका वेळी एकच बाहुली कशाला? चार न्यायच्या!"

पुढे बापलेक नेमकं तेच करतात. बाहुल्या अनेक, म्हणून हस्तरही अनेक. सगळ्यांनी श्वास रोखला. मावशीचा हात चिवड्यात तसाच राहिला. सिनेमा संपला, दिवे लावले, तरी कुणी बोलेना. काकांनी चष्मा पुसला.

"कल्पना चांगली होती," ते म्हणाले, "नियोजन चुकलं." आणि आजच्या भावाने एका मुद्रेचे किती येतील, ते मोबाइलवर काढू लागले.

हस्तर निदान उपाशी तरी होता. काका दोन वाट्या श्रीखंड खाऊन बसले होते.