काकांच्या मोज्यात कुसळं

तुम्हाला म्हणून सांगते, पुढे कुठे बोलू नका. आमच्या बी विंगमधल्या काकांचं काहीतरी चालू आहे, हे सगळ्यात आधी दूधवाल्याच्या लक्षात आलं. पहाटे सव्वापाचला, अंधारात, दार हळूच ओढून घेऊन, बूट हातात धरून माणूस जिना उतरतो म्हणजे काय समजायचं? साडेसातला परत. चेहरा लाल, शर्ट घामाने चिकटलेला आणि ओठांवर असं हसू, जे त्यांच्या लग्नाच्या अल्बमातसुद्धा नाही. काकूंनी शेवटी मन घट्ट करून धुण्याची बादली तपासली. मोज्यात कुसळं निघाली. लांब केस निघाला असता तर काकूंना भांडता तरी आलं असतं. कुसळांशी कसं भांडणार?

टेकडी. दुसरं काय असणार!

हे असंच सुरू होतं बघा. आधी डॉक्टर म्हणतात म्हणून, मग मित्र येतो म्हणून, आणि सहा महिन्यांनी माणूस आषाढातल्या धो धो पावसात रेनकोट घालून निघतो, कारण 'आज नाही गेलो तर दिवस गेल्यासारखा वाटत नाही'. नळस्टॉपला भाजी आणायला जा म्हटलं की गुडघा दुखतो. तोच गुडघा लॉ कॉलेजच्या मागून वेताळापर्यंत बिनबोभाट चढतो. सोसायटीची लिफ्ट बंद पडली तेव्हा याच काकांनी तीन मजले चढावे लागले म्हणून सेक्रेटरींना दोन पानी पत्र लिहिलं होतं, तारीख-वार घालून. ते पत्र अजून नोटीस बोर्डावर आहे.

आणि बढाया! वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर, म्हणजे सव्वीसशे फूट. शहरातली सगळ्यात उंच. हा आकडा टेकडीवाला माणूस तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगणार. पण मुळात पुणंच समुद्रापासून साडेपाचशे मीटरांच्या वर बसलेलं आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. ज्या गावाला समुद्र नाही, त्या गावाने उंची मोजायला समुद्र घ्यावा, ही आमची खास पद्धत. खरा चढ जेमतेम अडीचशे मीटरांचा. तोसुद्धा करावा लागतोच असं नाही. पुष्कळ मंडळी एआरएआयच्या बाजूने गाडी वर नेतात, सावलीची जागा धरण्यावरून दोन माणसांशी वाद घालतात, आणि मग माथ्यावरच्या सपाटीवर तीन किलोमीटर चालून गाडीतून खाली येतात. एआरएआय म्हणजे गाड्यांचा धूर तपासणारी संस्था. तिच्या दारावरून गाडीने जाऊन शुद्ध हवा खायची, यातली गंमत कुणालाही खटकत नाही. मनगटावरचं घड्याळ मात्र दहा हजार पावलं झाली की थरथरतं, आणि मालक इतक्या कौतुकाने त्याच्याकडे बघतात की घरी बारावीच्या निकालालाही तेवढं बघितलं नसेल.

आता या टेकड्यांची घराणी झाली आहेत, किराणा-ग्वाल्हेरसारखी. वेताळवाले स्वतःला शास्त्रोक्त समजतात. हनुमान टेकडीवाले विद्वान. फर्ग्युसनच्या मागचा तो उंचवटा आहेच तसा. १९०५ च्या जूनमध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापला, तेव्हा देशसेवेच्या शपथा तिथल्याच माळावर झाल्या. अजूनही तिथे पहाटे शपथा होतात. विषय बहुतेक साखरेचा असतो.

पर्वतीचं घराणं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात तोऱ्याचं. एकशे तीन पायऱ्या. पर्वतीवाला 'किती चाललास' असं विचारत नाही, 'किती वेळा केलीस' असं विचारतो. भरतीची तयारी करणारी पोरं पाठीला वाळूची पिशवी बांधून सपासप वरखाली करतात, आणि त्यांच्यामधून एखाद्या आजी नऊवारीत, एका लयीत, कुणालाही वाट न देता चढत असतात. वरचं देवदेवेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधलं, १७४९ सालचं. पानिपतानंतर खचलेले नानासाहेब १७६१ मध्ये गेले तेही पर्वतीवरच, आणि त्या खोलीपाशी आलं की बडबडणारी मंडळीसुद्धा घटकाभर गप्प होतात. एरवी मात्र पर्वतीचा खरा वारसा चालवला जातोय तो दुसऱ्या बाजीरावांचा. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला इंग्रजांशी लढाई जुंपली, आणि श्रीमंतांनी ती पर्वतीवरून पाहिली. त्यामुळे आज त्याच कठड्याला टेकून, सिंहगड रस्त्यावर तुंबलेल्या गाड्या बघत, 'काहीतरी केलं पाहिजे बुवा' असं म्हणणाऱ्या निवृत्त मंडळींना मी नावं ठेवत नाही. ही परंपरा राजमान्य आहे. तिथून उतरून पायथ्याला सारसबागेत यायचं, एके काळच्या तळ्यातल्या आणि आता कोरड्यातल्या गणपतीला हात जोडायचे, आणि वर जे काही जिरवलं असेल ते समोरच्या भेळेने भरून काढायचं.

बरं, टेकडीवर जाऊन ही माणसं करतात काय? चालतात म्हणाल तर फसाल. एक गट टाळ्या वाजवतो. एक गट पोट धरून हसतो, विनोद न होता. एक गृहस्थ अनवाणी चालतात आणि ज्यांनी बूट घातलेत त्यांच्या पायांकडे कणवेने बघतात. काही जण मुंग्यांच्या वारुळांपाशी पीठ टाकतात, पुण्य म्हणून. वीस पावलांवर एक प्राध्यापकबाई उभ्या असतात, त्या या पिठावरून रोज एकदा तरी आवाज चढवतात: रानातल्या मुंगीला गव्हाचं पीठ कोणी सांगितलंय? मोराला शेव घालणारा एक महाभाग मी स्वतः पाहिला आहे. मोर बिचारा शेव खाऊन कठड्यावर बसला आणि केकाटला. तिखट होती की काय कोण जाणे.

अंधारात समोरून माणूस आला की 'हरी ओम' म्हणायचं, असाही एक दंडक आहे. नाव विचारायचं नाही. दहा-दहा वर्षं रोज भेटणारी माणसं एकमेकांना 'लाल टोपी', 'ट्रान्झिस्टर', 'दोन कुत्री' अशा नावांनी ओळखतात. म्हणजे ज्या गावात जिन्यातल्या शेजाऱ्याला सहा महिने ओळख दाखवत नाहीत, त्याच गावात टेकडीवर परक्या माणसाला खिशातला डिंकाचा लाडू दिला जातो. 'लाल टोपी'ने तर म्हणे 'दोन कुत्री'च्या भाचीचं लग्न जमवलं. मुलाकडच्यांनी मुलीबद्दल एकच गोष्ट विचारली: चढताना बोलते का?

पण खरी भांडणं झाडांवरून. हा विषय निघाला की मी आपली दगडावर टेकते आणि फ्लास्क उघडते. झालंय असं की वनखात्याने काही दशकांपूर्वी इथे गिरिपुष्प लावलं, मध्य अमेरिकेतलं झाड. फांदी खोचली की फुटतं, भराभर वाढतं. याचंच खेड्यातलं नाव उंदीरमारी. आता थंडी सरता सरता पानं गळून सगळा उतार फिकट गुलाबी होतो, की मुली रेशमी ओढण्या घेऊन हजर. फोटोखाली लिहायचं 'पुण्यातला चेरी ब्लॉसम'. हे वाचून प्राध्यापकबाईंना दोन दिवस जेवण जात नाही. त्यांचं म्हणणं, अरे, पिवळाधमक गणेर बघा, पळस बघा, काटेसावर बघा, सालई आणि मोई बघा, ही इथली घरची माणसं. उंदीरमारीपुढे काय नाचता? त्याहून पुढचं त्यांचं म्हणणं असं की हा उतार म्हणजे मुळात गवताळ माळ, मधूनमधून झाडं असलेला, आणि त्यावर दाटीवाटीने रोपं लावणं म्हणजे माळाचा जीव घेणं.

हे त्या कुणासमोर म्हणतात? तर रोज पाच लिटरचा कॅन खांद्यावर घेऊन, धापा टाकत, स्वतःच्या हाताने लावलेल्या वडाला पाणी घालायला येणाऱ्या आजोबांसमोर! आजोबा ऐकून घेतात, वडाला पाणी घालतात, आणि उरलेलं पाणी बाईंना प्यायला देतात. बाई पितात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. माझं मत विचाराल तर बाईंचं बरोबर आहे. पण हे आजोबांना सांगायला मी जाणार नाही, आणि बाईही आता जरा हळू बोलतात असा मला संशय आहे.

गेल्या महिन्यात तर कहर झाला. 'फॉरेस्ट बाथिंग' नावाचा प्रकार आला. फी भरून. शब्द मूळ जपानचा, तिथल्या वनखात्याने १९८२ मध्ये काढलेला: रानात सावकाश हिंडायचं, वास घ्यायचा, पानांची सळसळ ऐकायची, घाई करायची नाही. माझ्या सासूबाईंनी ऐकून विचारलं, 'अंघोळ घरून करून जायचं की तिकडेच?' वीसेक मंडळी खाणीच्या कडेला डोळे मिटून उभी होती. जुनी दगडाची खाण ती, पाणी साठलेलं, सकाळी काठावर टिटव्या. मार्गदर्शिकेने हलक्या आवाजात सांगितलं, शांतता ऐका. बरोबर त्याच क्षणाला 'ट्रान्झिस्टर' आले. आकाशवाणीच्या बातम्या, पूर्ण आवाजात. सगळ्यांनी डोळे उघडले. ते म्हणाले, 'हरी ओम! काही हरवलंय का?'

इतकी ही भांडकुदळ जमात. पिठावर एकमत नाही, वडावर नाही, कुत्र्यांना साखळी असावी का यावर तर दोन तट आणि एक पोटतट. पण महापालिकेने बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीच्या अंगावरून रस्ता न्यायची गोष्ट काढली, वर बोगद्यांचीही भाषा केली, तेव्हा एप्रिल २०२३ च्या उन्हात हेच सगळे फलक घेऊन रस्त्यावर. पीठवाले आणि पीठविरोधी एकाच ओळीत. लाल टोपी घोषणा देत होते, त्यांचा आवाज इतका मोठा आहे हे घरच्यांनाही ठाऊक नव्हतं म्हणे. आजोबा कॅन घेऊन आले होते, लोकांना पाणी द्यायला. प्राध्यापकबाई त्यांच्या शेजारून चालल्या, आणि मोर्चाभर त्यांनी वडाचा विषय काढला नाही. मी पाहिलं ना, मी मागेच होते. गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून उशीर झाला होता.

तर काकांचं सांगत होते. काकूंनी हळूहळू पत्करलं. कुसळं वेचायला एक जुना कंगवा वेगळा काढला, पहाटेचा चहा थर्मासात भरून ठेवू लागल्या. एकदा तर स्वतः खाणीपर्यंत जाऊन आल्या, 'बघू तरी काय आहे एवढं त्या वेताळात' म्हणून. सगळं मार्गी लागलं असं वाटत होतं. आणि मग मागच्या सोमवारपासून काका टेकडीवर दिसेनात. लाल टोपीने मला विचारलं, मी ट्रान्झिस्टरना विचारलं. कुणालाच पत्ता नाही. घरून मात्र रोज सव्वापाचला निघतात! मोज्यात कुसळं आहेत!

काल उलगडा झाला. माझी एक मैत्रीण सहकारनगरला राहते, तिने फोन केला. काका तळजाईला दिसले. पाचगाव-पर्वतीच्या वनउद्यानात, नव्या मंडळींच्या घोळक्यात, हसत. कुणाला तरी लाडू देत होते.

काकूंना अजून सांगितलेलं नाही. कुणी सांगायचं यावर उद्या सकाळी खाणीपाशी बसून ठरवू. पाच चाळीसला या, आणि येताना गाडी जरा अलीकडेच लावा, पुढे जागा नसते.